रिकाम्या घागरीची बातमी

कुंदा,

तुझ्या जाण्याची बातमी चार ठिकाणी चार तऱ्हेनं आली. एका वर्तमानपत्रानं तुला ज्येष्ठ कवयित्री करून टाकलं. तू जन्मात कविता लिहिली नाहीस. उलट काव्यवाचनाला बोलावलं की तुझं डोकं दुखायला लागायचं. दुसऱ्यानं थोर समाजसेविका म्हटलं. मोबाईलवर जो संदेश फिरला त्यात मजकूर बरोबर होता, पण फोटो तुझा नव्हता. तुझ्याच कॉलेजातल्या दुसऱ्या एका बाईंचा होता, आणि त्या बिचाऱ्या दिवसभर ज्याला त्याला फोनवर सांगत होत्या, की अहो, मी आहे. चौथी बातमी आमच्या गावाच्या ग्रुपवर आली, एका ओळीची: ‘घागरीच्या मॅडम गेल्या.’ पहिल्या तिन्ही वाचून मला रडता रडता हसू आलं होतं. या चौथीपाशी मात्र मी फोन उलटा ठेवला आणि नुसती रडले.

तू असतीस तर म्हणाली असतीस, "बघ सुमन, मेल्यावरही मी वर्गाला उदाहरण पुरवून राह्यले."

तुझ्या पदव्या, तुझी पुस्तकं, तुझं गाव-घराणं यातलं मी इथं काही लिहिणार नाही. ते त्या पहिल्या तिघांनी, चूक की बरोबर, लिहून टाकलंय. मला तुझ्याशी बोलायचंय. आपलं बोलणं अर्ध्यावर राहिलं, आणि परवा गावात असं काही कळलं की ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडेना.

आपण पहिल्यांदा भेटलो त्याच एकमेकींच्या विरोधात. जालन्याच्या कॉलेजात वादविवाद स्पर्धा होती आणि विषय तेव्हा सगळीकडे असायचा तोच: दूरदर्शन, शाप की वरदान. मी सायन्सची, खेड्यातून आलेली, वरदानाच्या बाजूनं. हवामान, उपग्रह, शेतीची माहिती, सगळं घोकून आले होते. तुझ्याकडं शाप होता. पण तू माईकसमोर जाऊन म्हणालीस, "मला दोन्ही बाजू पटत नाहीत. टीव्ही हा एक शेजारी आहे. तो रोज संध्याकाळी आपल्याकडं येतो आणि आपल्याच घरातल्या गोष्टी आपल्याला सांगतो. काही दिवसांनी आपल्याला त्याच्याच खऱ्या वाटायला लागतात." परीक्षक म्हणाले, ही मुलगी विषय सोडून बोलली. पहिलं बक्षीस मला मिळालं. बाहेर पायऱ्यांवर तू माझ्यापाशी आलीस, माझ्या हातातला कप बघितलास आणि म्हणालीस, "बोललीस छान. पण सगळं चुकीचं." मी म्हटलं, "चहा पिऊ, मग सांग काय चुकीचं." तो चहा तेव्हापासून चालूच होता असं मला वाटतं.

मी पुढं शाळेत विज्ञान शिकवायला लागले, लग्न होऊन पिंपळगाव रेणुकाईला आले, शेतीवाडीच्या मोठ्या घरात रमले. तू जालन्यातच राहिलीस आणि एम.ए.च्या पोरांना उत्तर-आधुनिक साहित्य शिकवायला लागलीस. त्या शब्दाचीच मला आधी गंमत वाटायची. आधुनिकाच्या पुढं काय असणार, म्हटलं, उद्या? एकदा तुझ्या गॅलरीत आपण ओल्या शेंगा सोलत बसलो होतो तेव्हा मी तुला गाठलंच. "ते तुझं काय असतं ते मला शेंगा संपायच्या आत सांग," म्हटलं.

तू टरफलं खाली टाकत म्हणालीस, "जुनी कादंबरी म्हणायची, जग आहे आणि मी ते तुम्हाला दाखवते. ही कादंबरी मधीच थांबून विचारते, की दाखवणारा कोण आहे, तो कुठं उभा आहे, आणि त्यानं दाखवून झाल्यावर जग पहिल्यासारखं राहतं का."

"आणि टीव्ही, पेपर, मोबाईल?"

"ते तर या काळातले सगळ्यात मोठे कादंबरीकार. फरक एवढाच, की कादंबरीकार कबूल करतो मी गोष्ट सांगतोय म्हणून. ते कबूल करत नाहीत. म्हणून आमचे लेखक त्यांची भाषाच उचलतात. कादंबरीत जाहिरात घालतात, बातमी घालतात, मालिकेचा भाग घालतात. वाचणाऱ्याला टाके दिसावेत म्हणून. कापड उलटं करून दाखवायचं."

मला ते पटलं नाही. मी म्हटलं, "कुंदा, विहिरीत पाणी असतं किंवा नसतं. त्यात दाखवणारा कुठून आला?"

"पाणी असतं गं," तू म्हणालीस. "पण पाण्याला तोंड नसतं."

त्यावर आपण तास न् तास भांडलो. एस.टी.च्या स्टँडवर, तुझ्या स्वयंपाकघरात, माझ्या शेतावरच्या लिंबाखाली. तुझा मुद्दा असा, की एकच एक खरं असं काही हाताला लागत नाही, सांगण्यावर सांगणी चढत जातात. माझा असा, की सांगणी कितीही चढू देत, खाली जमीन असते. यातलं कोण बरोबर हे ठरायच्या आतच ते प्रकरण आमच्या दारात आलं.

त्या उन्हाळ्यात एका वाहिनीची गाडी गावात आली. आमच्याकडं पाण्याची ओढ असते, नाही असं नाही. पण त्या वर्षी नळाला एक दिवसाआड पाणी होतं आणि मळ्यातल्या विहिरी टिकून होत्या. गावाबाहेर एक जुनी विहीर आहे, मी या गावात सून म्हणून आले तेव्हाही कोरडीच होती. गाडीवाले नेमके तिच्यापाशी गेले. माझी थोरली जाऊ, रुख्मिणबाई, त्या वाटेनं घरी येत होती. तिला त्यांनी एक घागर दिली आणि चालायला लावलं. संध्याकाळी सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं: भेगाळलेली जमीन, कोरडी विहीर, रिकामी घागर घेऊन चालणारी वयस्क बाई, मागं सनईसारखं रडकं संगीत. आणि शेवटी तो माईकवाला पोरगा आवाज रडवेला करून म्हणाला, की या गावात आता मुली द्यायलाही कोणी तयार नाही.

कुंदा, त्या दिवशी ते खोटं होतं. आमच्या घरातच लग्न ठरलेलं होतं. रुख्मिणबाईच्या विलासचं, घनसावंगीकडच्या अश्विनीशी. सुपारी फुटली होती, साड्या बघायला जायचं ठरलं होतं. बातमीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अश्विनीच्या वडलांचा, बाबुरावांचा फोन आला. माणूस सरळ, आवाज पडलेला. म्हणाले, "बाई, राग मानू नका. आमच्याकडं गोदाकाठ हाय, ऊस हाय. पोरीनं कधी डोक्यावर घागर घेतली न्हाई. टीव्हीवर बघितलं मी. तुमच्याच घरातली बाई होती न ती?" मी काय सांगणार? होती. मग गावातल्या आणखी एक-दोन घरांची बोलणी थांबली. पाहुणे यायचे बंद झाले. महिना उलटायच्या आत ती बातमी खरी झाली.

रुख्मिणबाई जेवेना. चुलीपुढं बसून एकच म्हणायची, "माझ्याच घागरीनं माझ्या लेकराचं लगीन मोडलं."

मी माझ्या पद्धतीनं निघाले. विहिरींचे फोटो काढले, नळाचा फोटो काढला, ग्रामपंचायतीचा दाखला घेतला आणि त्या वाहिनीला पाठवला. उत्तर नाही. शेवटी फोन लागला. पलीकडचा मुलगा अगदी नम्र होता. "मॅडम, ती विहीर कोरडी आहे की नाही?" म्हणाला. मी म्हटलं, "ती एक विहीर कोरडी आहे." "मग बातमीत खोटं काय आहे?" मी फोन ठेवला. त्याच्याकडंही जमीन होती, माझ्याकडंही जमीन होती, आणि लग्न मोडलेलं होतं.

तशीच तणतणत तुझ्याकडं जालन्याला आले. मला वाटलं होतं तू हसशील, म्हणशील बघ, मी सांगत नव्हते? तू हसली नाहीस. खुर्ची माझ्याजवळ ओढून बसलीस. मग म्हणालीस, "हे मी इतकी वर्षं वर्गात शिकवून राह्यले. आधी चित्र येतं आणि मागून जग त्या चित्रासारखं व्हायला लागतं. पण त्यात कुणाचं लग्न मोडताना बघितलं नव्हतं, सुमन." आणि पुढं: "यांच्याकडं मराठवाड्याची एकच गोष्ट आहे. भेगा पडलेली जमीन. आपण हसलो, भांडलो, लग्नं केली तरी ते त्यांच्या गोष्टीत बसत नाही. म्हणून ते कापून टाकतात."

"मग काय करायचं? खुलासा छापून आणू?"

"खुलासा नको. खुलासा म्हणजे तीच बातमी दुसऱ्यांदा सांगणं. त्यांची एक आहे ना, आपण त्याच घागरीच्या धडाधड बातम्या काढू. इतक्या की लोकांना घागर दिसली की विचारावंसं वाटलं पाहिजे, आता ही कोणती?"

मला हा शुद्ध पोरखेळ वाटला. तसं मी म्हटलंही. तू म्हणालीस, "वाटू दे. पण नवरात्रात देवळापुढची जागा मला मिळवून दे."

जागा मी मिळवली. रेणुकामातेच्या देवळासमोरचं पटांगण, माळेच्या दिवसांतली संध्याकाळ. तू सुताराकडून लाकडाची एक मोठी चौकट करून घेतलीस, आत माणूस उभा राहील अशी, खाली दोन बटणं रंगवलेली. तुझे विद्यार्थी जीपमध्ये कोंबून जालन्याहून आले, तालीम आमच्या गोठ्यापुढं झाली. पण सगळ्यात अवघड काम तू स्वतः केलंस. मला घेऊन बाबुरावांच्या घरी गेलीस.

ते ओसरीवर होते. आपल्याला बघून अवघडले. तू बसल्या बसल्या सांगितलंस, "लग्नाचं बोलायला आलो न्हाई. सुमनच्या गावात कार्यक्रम ठेवलाय, आमंत्रण द्यायला आलो."

"कशाचा कार्यक्रम?"

"टीव्हीचा," तू म्हणालीस. "पण लाईट लागत न्हाई."

बाबुरावांना काही कळलं नाही, पण दारात आलेल्याला नाही म्हणणारा तो माणूस नव्हता. चहा घेऊन अश्विनी बाहेर आली. तिनं कप ठेवले आणि वडलांना विचारलं, "मी पण येऊ का?" त्यांनी कप उचलला. नाही म्हणाले नाहीत.

त्या संध्याकाळचं मी काय सांगू, तू तर तिथंच होतीस, बाजूला कडुलिंबाला टेकून, हाताची घडी घालून. पण तुझं लक्ष चौकटीकडं होतं आणि मी लोकांकडं बघत होते, म्हणून मला जे दिसलं ते सांगते.

पहिला मुलगा चौकटीत आला आणि खालच्या आवाजात विचारलं, घागर रिकामी होती की रिकामी केली गेली, या रिकामेपणामागं कुणाचा हात, बघत रहा. लोक सावरून बसले. त्यांना वाटलं, खरंच काही झालं. मग दुसरा क्रिकेटच्या थाटात सुरू झाला, बाईंनी घागर उचलली आहे, डाव्या पायावर वजन, विहीर पुढं सरकली आहे. तेव्हा मागच्या बाजूची पोरं खिदळली. मग एक मुलगी गोड हसत जाहिरात करायला लागली, की आमची घागर आता पूर्वीपेक्षा अधिक रिकामी. बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. आणि मग चर्चा. चार तज्ज्ञ त्या एका चौकटीत दाटीवाटीनं उभे राहून एकदम ओरडत होते, घागरीचा इतिहास, घागरीचं राजकारण, आणि रुख्मिणबाई बाजूला हात वर करून उभी, तिला कुणी विचारेना. माझे सासरे उभ्या आयुष्यात कधी मोठ्यानं हसले नव्हते. ते हसले. बाबुराव पुढं सतरंजीवर होते. आधी त्यांनी गमछा तोंडाला लावला, मग गमछा खाली पडला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

आणि मग तुझ्या कागदावर एकच ओळ होती. मी तालमीत पाहिली होती: ‘रुख्मिणबाई बोलतात.’ पुढं कोरं. मी तुला म्हटलं होतं, हे काय, सगळ्यात महत्त्वाचं तूच लिहिलं नाहीस? तू म्हणालीस, "मी लिहिलं तर तीही माझीच बातमी होईल." रुख्मिणबाई शेवटपर्यंत "म्या काय बोलू, म्या काय बोलू" करत होती.

ती पितळी घागर घेऊन आली. चौकटीत शिरलीच नाही. वळसा घालून सरळ लोकांपुढं आली.

"त्या दिशी दोन पोरं आल्ती," ती म्हणाली. "म्हणले, मावशी, ही घागर घ्या अन् त्या हिरीपासून चालत या. म्या म्हणलं, लेकरांनो, तिच्यात पाणीच न्हाई. ते म्हणले, म्हणूनच. मंग म्या चालले. ते म्हणले, मावशी, हसू नका. मला लाज वाटत होती न, हसू येत होतं. म्हणले, अजून एकबार. म्या पुन्यांदा चालले, पुन्यांदा हसले. ऊन लई होतं. शेवटी शेवटी माझं हसू गेलं. तेवढंच त्यांनी दाखवलं."

मघाशी हसलेली सगळी तोंडं तशीच उघडी राहिली होती. मग ती बाबुरावांपुढं जाऊन उभी राहिली. इतक्या लोकांत, पदर सावरत.

"पाहुणे," म्हणाली, "लांबून आलात. हसून हसून घसा वाळला असल. ही भरल्याली हाय."

बाबुराव उठले. मला आजही ते दिसतं. त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली आणि वाकले. रुख्मिणबाईनं घागर कलती केली. पाणी ओंजळीतून त्यांच्या कोपरांवरून सतरंजीवर ओघळलं आणि ते पीत राहिले. मग तोंड पुसून एवढंच म्हणाले, "गोड हाय पाणी." कुणीतरी टाळी वाजवली आणि मग जो कल्लोळ झाला त्याला मी नुसता आवाज म्हणणार नाही. देवळातल्या घंटाही लोकांनी वाजवल्या.

दिवाळीनंतर लग्न झालं. रुख्मिणबाईनं खणा-नारळानं तुझी ओटी भरली आणि तुला विहिणीच्या पंगतीत बसवलं. गावातली बाकीची बोलणीही हळूहळू सुरू झाली. गावानं तुझं नाव बदलून घागरीच्या मॅडम ठेवलं. तुझ्या कॉलेजातली पोरं ते नाटक मग वाटूरला, भोकरदनला, कुठं कुठं घेऊन गेली. प्रत्येक गावात शेवटची ओळ कोरीच ठेवायची आणि त्या गावातल्या कुणीतरी बोलायचं, असा तुझा नियम होता.

जिंकल्यासारखं वागलीस मात्र नाहीस. लग्नानंतर परत जाताना मी तुला जीपपर्यंत सोडायला आले तर म्हणालीस, "माझी पंचाईत झाली, सुमन. रुख्मिणबाई जे बोलल्या त्याला मी ‘अजून एक सांगणं’ म्हणून बाजूला ठेवूच शकत न्हाई. ते खरं होतं. बिलकुल खरं."

"म्हणजे खरं असतं," मी म्हटलं.

"तुझे फोटो आणि दाखला पण खराच होता. त्याला कुणी विचारलं?"

जीप सुटली. आपण दोघीही अर्ध्या-अर्ध्या बरोबर ठरलो होतो आणि दोघींनाही ते आवडलं नव्हतं.

नंतर तुझा आजार आला. त्याचं मी लिहिणार नाही, तुला ते आवडणार नाही. पण वॉर्डातला तो भिंतीवरचा टीव्ही सांगते. आवाज बंद, खालून बातम्यांची पट्टी पळायची. तू उशीला टेकून ती वाचायचीस आणि मनातल्या मनात दुरुस्त करायचीस, कधी मोठ्यानं. "इथं ‘खळबळ’ कामून? कुणाची खळबळ? दोन माणसं उभी आहेत." शेजारच्या पलंगावरची म्हातारीही मग विचारायला लागली, बाई, हे जे म्हणून राह्यले ते कुणी बघितलं? सिस्टर टीव्ही बंद करायला आली तर तू म्हणालीस, "राहू द्या. नजर ठेवावी लागती." एवढ्या दुखण्यातही तू हरलेली मला दिसली नाहीस. मी घरी येऊन रडायचे ते तुझ्यासाठी कमी, माझ्यासाठी जास्त. आता मी भांडायचं कुणाशी?

एक गोष्ट तुला सांगायची राहूनच गेली. शाळेत मी पोरांना मोजपात्रातलं पाणी मोजायला शिकवते. वरून बघितलं तर एक आकडा दिसतो, खालून बघितलं तर दुसरा. डोळा पाण्याच्या रेषेत आणला तरच बरोबर. हे मी पहिल्या दिवसापासून शिकवत आले. पण तुझ्यामुळं एक प्रश्न त्यात वाढला. पोरानं आकडा सांगितला की मी विचारते, "कुठून बघितलंस?" आधी मी एवढंच विचारायचे, "किती आहे?" तो तुझाच प्रश्न आहे, कुंदा. मी तो माझ्या प्रयोगशाळेत ठेवून घेतला आणि तुझ्यापुढं कधी कबूल केला नाही, कारण तू तो मुद्दा लगेच वादात वापरला असतास. वापर आता.

आता परवाचं. गावानं तुझ्यासाठी शाळेत सभा घेतली. भाषणं थोडीच झाली. सरपंच बोलले, तुझा एक विद्यार्थी बोलला. मग अश्विनी उभी राहिली. ती आता आमच्या घरची, पदवी पूर्ण करून बाहेरून एम.ए. करतेय, मराठी घेऊन. लाजरी नाही, पण मोजकं बोलते. आम्हाला वाटलं, दोन शब्द बोलून बसेल.

ती म्हणाली, "मॅडमच्या नाटकामुळं माझं लग्न झालं असं सगळे म्हणतात. बाबांच्या बाबतीत ते बरोबर आहे. पण माझं त्याआधीच ठरलेलं होतं. ती बातमी मी पण बघितली होती. पहिल्यांदा सगळ्यांबरोबर बघितली आणि रडले. मग मोबाईलवर एकटीनं बघितली. दुसऱ्यांदा बघताना मी घागरीकडं बघितलंच नाही, कारण ते लोक मला घागरीकडंच बघायला लावत होते. मी खाली बघितलं. अत्याबाईंचं लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं होतं. चिंब. खालून थेंब पडत होते. मी म्हटलं, ज्या गावात घोटभर पाणी नाही त्या गावच्या बाईचं लुगडं ओलं कसं?"

सगळी शाळा रुख्मिणबाईकडं वळली. ती पुढंच बसली होती. तिनं आधी अंगावरच्याच लुगड्याचा काठ चाचपला. मग ती म्हणाली, "मळ्यावर धुणं धुऊन येत व्हते की मी. गोधड्या धुतल्या व्हत्या."

हसता हसता मला एकदम तुझी इतकी आठवण झाली की उठून बाहेर जावंसं वाटलं. इतकी वर्षं आपण भांडलो. तू म्हणायचीस, चित्र नीट वाचायला शिक. मी म्हणायचे, खाली जमीन असते. आणि ही वीस-बावीस वर्षांची पोरगी, आपल्या दोघींना न विचारता, एका मोबाईलवर चित्र वाचून जमिनीपर्यंत गेली होती. पाण्याला तोंड नसतं, तू म्हणाली होतीस. लुगड्याला होतं. ते तुझ्या नाटकातल्या एकाही बातमीत नव्हतं, माझ्या एकाही फोटोत नव्हतं. त्यांनी स्वतःच्याच बातमीत ते साऱ्या महाराष्ट्राला दाखवलं होतं आणि त्यांना स्वतःला दिसलं नव्हतं.

रुख्मिणबाईनं सुनेला विचारलं, "मंग तवाच बापाला का न्हाई सांगितलं?"

"सांगितलं होतं, अत्याबाई. बाबा म्हणले, एवढे मोठे कॅमेरे घेऊन आलेल्या माणसांपेक्षा तुला जास्ती दिसतं का?"

"अन् तू काय म्हणलीस?"

"मी म्हणलं, व्हय."

हे ‘व्हय’ तुझ्यापर्यंत पोचवायचं होतं, कुंदा. ती ते अगदी साध्या आवाजात म्हणाली आणि खाली बसली.